कोरडा ढग, वारा आणि वणवा

वैशाखातल्या संध्याकाळी आभाळ भरून येते, दूरवर वीज चमकते आणि एकाएकी गार वारा सुटतो, तेव्हा आपण शहरातली माणसे गच्चीवर धावतो. पाऊस आला नाही तरी 'निदान वारा तरी सुटला' एवढ्यावर आपले समाधान होते. चंद्रपूरकरांना या समाधानाचे मोल वेगळे सांगावयास नको. मे महिन्यात ४५-४६ अंश ही येथली नित्याची गोष्ट, आणि २००७ सालच्या जूनच्या आरंभी तर पारा ४९ अंशांच्या घरात जाऊन ठेपला होता. परंतु नेमक्या त्याच वेळी, त्याच ढगाच्या आसपास, पोंभुर्ण्याकडील जंगलाच्या एखाद्या तुकड्यात आठदहा माणसे हिरव्या डहाळ्या हाती घेऊन आग झोडपीत उभी असू शकतात. आपल्याला सुखविणारा तो वारा त्यांच्या दिवसातला सर्वांत दगाबाज वारा असतो. हे असे का, ते येथे सांगण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रथम रान कसे आहे ते पाहू. पोंभुर्णा हे चंद्रपूर जिल्ह्याच्या पूर्व अंगाला असलेले तालुक्याचे गाव. ताडोबाच्या बाजूने येणारी अंधारी नदी या मुलखातून जाऊन वैनगंगेस मिळते, आणि वैनगंगेच्या पलीकडे गडचिरोली जिल्हा लागतो. येथे जंगल सलग नाही. धानाची बांधी, एखादी बोडी, मग सागाचा पट्टा, मग गाव, पुन्हा बांबूचे रान, अशी सरमिसळ आहे. त्यामुळे जंगलाला कडा फार, आणि प्रत्येक कडेला माणूस आहे. झाडे पानझडी जातीची: साग, ऐन, धावडा, तेंदू, मोह. माघ-फाल्गुनात पाने गळतात आणि चैत्र येईतो जमिनीवर पाचोळ्याचा थर बसतो. त्यात सागाचे पान तर आगीसाठीच घडविल्यासारखे आहे. ते परातीएवढे मोठे. वाळले म्हणजे वळते, कुरकुरीत होते, आणि एकावर एक चपट न बसता मध्ये हवा ठेवून पडते. ज्याने चूल पेटविली आहे त्याला या हवेचे महत्त्व सांगावे लागत नाही.

वाळलेले पान वाटते तितके निर्जीव नसते. हवा दमट असली की ते ओल शोषते, कोरडी झाली की सोडते, आणि हा व्यवहार तासाभराच्या आत उरकतो. रात्री थोडे नरम पडलेले पान दुपारी तीन वाजता, हवेतील आर्द्रता दहापंधरा टक्क्यांवर उतरलेली असता, जवळजवळ कागदासारखे होते. म्हणूनच पहाटे मुकाट्याने सरपटणारी आग दुपारी तोंड वर काढते. एखादी हलकी सर येऊन गेली तरी फार फरक पडत नाही. तासाभराचे ऊन आणि वारा मिळाला की तेच पान पुन्हा जळण्यास सिद्ध होते. जाड ओंडक्याचे मात्र तसे नाही. त्याला वाळायला महिने लागतात आणि एकदा आत निखारा शिरला की विझायलाही दिवस लागतात. या ओंडक्याकडे आम्हांस शेवटी परत यावयाचे आहे.

आता आग लावतो कोण? वणवा म्हटले की फांद्या फांद्यांवर घासून ठिणगी पडते, अशी एक समजूत शाळेपासून आपल्या मनात घर करून आहे. ती सोडून दिलेली बरी. आपल्याकडील वणवे बहुतेक सारे माणसाच्या हातून लागतात. मोहाचे फूल पहाटे गळते. पाचोळ्यात ते दिसत नाही, म्हणून झाडाखालची जागा जाळून स्वच्छ करतात. या जिल्ह्यात तर त्याला आणखी एक कारण आहे: भल्या पहाटे फुले वेचावयास गेलेल्या माणसावर वाघाने झडप घातल्याच्या घटना येथे घडल्या आहेत, आणि मोकळी जागा असली तर निदान चार पावलांवरचे जनावर दिसते. तेंदूला नवी, कोवळी पालवी चांगली फुटावी म्हणूनही आग लावली जाते. शेतकरी पेरणीपूर्वी धुरे पेटवितात आणि धुऱ्याला लागूनच रान असते. वाटसरूची विडी आहेच. यांपैकी कोणाचाही हेतू जंगल जाळण्याचा नसतो. मोहफूल आणि तेंदूपत्ता यांवर ज्यांच्या घरचा उन्हाळा निघतो त्यांना आपण शहरात बसून गुन्हेगार ठरविणे सोपे आहे; आम्हांला ते न्याय्य वाटत नाही. पण आग लागते ती अशी, हे खरे. वनखाते १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्याचा हंगाम मानते. २०२०-२१ च्या हंगामात एकट्या गडचिरोली जिल्ह्यातून उपग्रहांनी आगीच्या दहा हजारांवर नोंदी टिपल्या. एकच आग अनेकदा नोंदली जाते हे लक्षात घेतले, तरी आकडा लहान नाही.

मग यात ढगाचा संबंध कोठे येतो?

आपल्याकडील उन्हाळी वादळाचा ढग पावसाळ्यातील ढगापेक्षा फार उंचावर बसलेला असतो. त्याचे गणित सोपे आहे. जमिनीवरची हवा किती तापली आहे आणि ती किती अंशांपर्यंत थंड केल्यावर तिच्यात दव धरू लागेल, या दोहोंतील अंतर काढावे. त्यातील प्रत्येक अंशामागे ढगाचा तळ सुमारे १२५ मीटर वर जातो. श्रावणात हवा २८ अंश आणि दवबिंदू २५ अंश असला, तर अंतर तीन अंशांचे, म्हणजे ढगाचा तळ चारशे मीटरांच्या आत. डोंगरमाथ्यावर ढग उतरतात ते यामुळे. मे महिन्यात हवा ४४ अंश आणि दवबिंदू १२ अंश धरा. अंतर ३२ अंशांचे, म्हणजे ढगाचा तळ चार हजार मीटरांवर! तेथून निघालेल्या थेंबाला चार किलोमीटर भट्टीसारख्या कोरड्या हवेतून खाली यावयाचे असते. लहान थेंब वाटेतच नाहीसे होतात. लांबून पाहिले तर ढगाच्या पोटाखाली करडी झालर लोंबताना दिसते आणि ती जमिनीला टेकण्यापूर्वीच विरून जाते. एका मे महिन्यात पोंभुर्ण्याच्या वाटेवर आम्ही ही झालर चांगली अर्धा तास पाहत उभे होतो. आमच्या वाट्याला आले ते धुळीत पडलेले मोजके टपोरे थेंब आणि डोक्यावरची टोपी उडवून नेणारा वारा.

हा वारा येतो कोठून? थेंब नाहीसा झाला म्हणजे तो फुकट गेला असे नाही. पाणी वाफ होताना भोवतालची उष्णता ओढून घेते. माठातले पाणी गार होते ते याच न्यायाने, आणि विदर्भातल्या घरोघरी उन्हाळाभर घरघरणारा कूलरही याच न्यायावर चालतो. एक लिटर पाणी वाफ झाले तर सुमारे अडीच हजार किलो हवा एक अंशाने, किंवा अडीचशे किलो हवा दहा अंशांनी थंड होऊ शकते. आता एका ढगातून गळणारे हजारो टन पाणी डोळ्यांपुढे आणा. आभाळात एक अजस्र कूलर सुरू झाला असेच म्हणावे लागेल. थंड झालेली हवा भोवतालच्या हवेपेक्षा जड होते आणि खाली कोसळते. अंगणात पाण्याची बादली उपडी करावी आणि पाणी चहूकडे पसरावे, तशी ती जमिनीवर आपटून सर्व दिशांना धावते. ताशी पन्नास-साठ किलोमीटरांचा वेग तिला अवघड नाही. वादळ मोठे असले तर याहूनही अधिक.

यातली मेख अशी की, थेंब जितके अधिक वाटेत सुकतील तितकी हवा अधिक थंड, तितकी अधिक जड आणि तितका वारा अधिक जोराचा. म्हणजे जो ढग पावसाच्या बाबतीत कंजूष, तोच वाऱ्याच्या बाबतीत उदार. आग विझवायला पाणी नाही आणि फुंकर मात्र मणामणाची! शिवाय ही थंड हवेची लाट ढगाच्या पुढे पंधरा-वीस किलोमीटर धावू शकते. आग झोडपणाऱ्याच्या डोक्यावर आभाळ निरभ्र असते, ढग क्षितिजावर कोठेतरी गुरगुरत असतो, आणि वारा येऊन पोचतो.

विजेची गोष्टही येथेच सांगून टाकू. पाऊस न देणारा ढग वीज मात्र देतो, आणि ती कोरड्या रानावर पडली तर आग लागू शकते. सगळ्याच विजा आग लावीत नाहीत. बहुतेक विजांचा प्रवाह निमिषभरात संपतो. काही थोड्या विजांत तो सेकंदाच्या दहाव्या हिश्शाइतका किंवा त्याहून अधिक टिकतो आणि अशाच विजा लाकूड पेटवितात. २०२० च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यावर अशी कोरडी वादळे आली. हजारो विजा पडल्या, शेकडो आगी लागल्या, आणि त्यांपैकी काही एकत्र होऊन दहा लाख एकरांहून अधिक प्रदेश एकाच वणव्याच्या भक्ष्यस्थानी पडला. आपल्याकडे विजेने लागलेली आग हा अपवाद आहे. विजेचा मार आपल्याकडे झाडाखाली आसऱ्याला थांबलेल्या माणसांवर अधिक पडतो, हे दुःख वेगळे. म्हणून कोरड्या ढगाचा विचार करताना आमच्या मते विजेकडे थोडे कमी आणि वाऱ्याकडे पुष्कळ अधिक पाहिले पाहिजे. येथे काडी आधीच ओढलेली असते.

वारा आगीचे काय करतो हे समजण्यासाठी आगीचा आकार ध्यानात घेतला पाहिजे. वारा नसेल तर सपाट जमिनीवर आग गोल पसरते. एका दिशेने वारा वाहत असेल तर ती लांबट होते, काकडीच्या बीसारखी. पुढचे टोक हे तिचे तोंड. तेथे ज्वाळा उंच आणि चाल जलद. मागची शेपटी मंद. आणि दोन्ही अंगांना लांबच लांब कुशी. तेथे ज्वाळा जेमतेम गुडघ्याएवढ्या असतात, कारण वारा त्यांना समांतर वाहतो. आग विझविणारे तोंडासमोर उभे राहत नाहीत, ते वेडेपणाचे होईल. ते शेपटीकडून किंवा कुशीकडून सुरुवात करतात आणि झोडपीत झोडपीत तोंडाकडे सरकतात. हल्ली पाठीवर अडकवावयाची, जोराने हवा फेकणारी ब्लोअर यंत्रेही आली आहेत. त्यांनी आगीपुढचा पाचोळा उडवून जमीन उघडी करता येते. पद्धत नवी असो वा जुनी, उभे राहण्याची जागा तीच: आगीची कूस.

समजा, दुपारी पश्चिमेचा वारा आहे. आगीचे तोंड पूर्वेला, शंभर पावलांचे. दक्षिणेकडची कूस किलोमीटरभर लांब, आणि तिच्या काठाने आठ माणसे काम करीत आहेत. चारच्या सुमारास उत्तरेकडील ढग कोसळतो आणि वारा एकदम उत्तरेचा होतो. त्या क्षणी जी कूस होती ती सबंधच्या सबंध तोंड बनते. शंभर पावलांचे तोंड किलोमीटरभर रुंद झाले, आणि ते त्या आठ माणसांच्या अंगावर वळले. ज्या जागी सकाळपासून धोका नव्हता ती जागा दोन मिनिटांत सर्वांत धोक्याची ठरली. जाळरेषा असली तरी ती अशा वेळी पुरी पडेलच असे नाही. हंगामापूर्वी पाचोळा जाळून साफ केलेली ही काही मीटरांची पट्टी सरपटत्या आगीला अडविते. परंतु जळते सागाचे पान वाऱ्यावर तरंगत पलीकडे जाते, आणि तेथे पाचोळा तयारच असतो. बांबूच्या रानात पेरांमधली हवा तापून कांडी बंदुकीच्या बाराप्रमाणे फुटतात. त्या आवाजात कोणी हाक मारली तरी ऐकू येत नाही.

विदर्भाला याचा अनुभव नवा नाही. ८ एप्रिल २०२१ रोजी गोंदिया जिल्ह्यात नागझिऱ्याच्या जंगलात आग लागली. बरीच माणसे ती विझविण्यास गेली, आग पुष्कळशी आटोक्यातही आली. मग संध्याकाळच्या सुमारास वाऱ्याने ती पुन्हा भडकली. भाग डोंगराळ होता. चढावर आग सपाटीपेक्षा कितीतरी जलद धावते. चढ दहा अंशांनी वाढला की तिचा वेग साधारण दुप्पट होतो असा ठोकताळा आहे. तीन हंगामी मजूर त्या आगीत मरण पावले. त्या दिवशी आकाशात वादळी ढग होता असे आमचे म्हणणे नाही. नुसता वारा पुरला. कोरडा ढग असाच वारा आणतो, फक्त अधिक जोराचा आणि आधी नसलेल्या दिशेने.

ढगामुळेच घडलेले उदाहरण पाहावयाचे तर परदेशी जावे लागते. अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात यार्नेल नावाच्या लहानशा गावाजवळ २८ जून २०१३ रोजी वीज पडून आग लागली. पहिल्या संध्याकाळी ती एकरभरसुद्धा नव्हती. ३० जूनला दुपारी वादळी ढग जवळ आला आणि त्याच्या पोटातून निघालेल्या वाऱ्याने आगीची दिशा पार बदलून टाकली. वारा फिरणार, ही सूचना हवामान खात्याने आगाऊ दिली होती आणि ती माणसांपर्यंत पोचलीही होती. तरीही आग विझविणारे एकोणीस शिक्षित, कसलेले जवान एका खोलगट जागी तिच्या तावडीत सापडले आणि सर्वच्या सर्व गेले. आपल्या जाळलेल्या, काळ्या जमिनीवर ते काही वेळापूर्वी सुरक्षित होते. ती सोडून ते दुसरीकडे निघाले होते.

या काळ्या जमिनीबद्दल एक जुनी हकीकत आहे. ५ ऑगस्ट १९४९ रोजी माँटाना राज्यातील मॅन गल्च नावाच्या दरीत अशाच विजेच्या आगीने सोळा माणसांचा पाठलाग केला. गवताळ चढावर आग त्यांच्याहून जलद धावत होती. त्यांचा म्होरक्या वॅग डॉज थांबला, त्याने काडी ओढून स्वतःच्या पुढचे गवत पेटविले, आणि ते जळून जाताच त्या तापलेल्या राखेत पालथा पडून राहिला. मागची आग आली. तिला तेथे खायला काही उरले नव्हते, ती बाजूने निघून गेली. त्याने इतरांनाही खुणावले होते. आगीपासून पळणाऱ्या माणसाला आगीत झोपावयास सांगितले तर त्याला ते वेड वाटणारच. तेरा जण मेले. आपल्याकडच्या जाणत्या वनमजुरालाही हे तत्त्व ठाऊक असते: पुढे हिरवे-वाळले रान आणि मागे जळालेली जमीन असेल, तर पाय मागे घ्यावा.

आता सूचना कोण देतो, ते पाहू. डेहराडूनची भारतीय वन सर्वेक्षण संस्था उपग्रहांच्या साह्याने आगीचे ठिकाण शोधून वनखात्याच्या माणसांना मोबाइलवर कळविते. ही सोय फार मोलाची आहे. पण तिला एक खिंडार आहे. ज्या उपग्रहांची नजर बारीक, ते या भागावरून दुपारी दीडच्या आणि रात्री दीडच्या सुमारास जातात. उन्हाळी वादळ उठते चार ते सातच्या दरम्यान. म्हणजे दुपारी दीडला धूर सोडीत पडलेली, कोणाच्या नजरेत न भरलेली आग पाच वाजता वाऱ्याने धावू लागली, तर त्या बारीक नजरेला ती पुन्हा दिसणार मध्यरात्रीनंतर, आणि तीही मध्ये ढग आला नाही तर. या बारा तासांत भरवसा तो टेकडीवरच्या किंवा मचाणावरच्या माणसाचा. दुसरीकडे हवामान खाते दर काही तासांनी मेघगर्जनेचा आणि वाऱ्याचा इशारा देते, नागपूरचे रडार ढग पाहत असते, आणि पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने काढलेले 'दामिनी' हे ॲप जवळपास पडणाऱ्या विजांची खबर देते. पण हा इशारा शेतकऱ्यास आणि आपणांस उद्देशून असतो: झाडाखाली थांबू नका, जनावरे बांधा. 'आगीच्या कुशीला उभे असाल तर बाजूला व्हा', हे वाक्य त्यात असावे असे आम्हांस वाटते. आणि रानात फोनला आवाज नसतो, तेव्हा हे वाक्य तेथवर पोचविणारा बिनतारी संच किंवा माणूसही ठरलेला असावा.

तोवर आकाश वाचणे हेच हाती उरते. दुपारी क्षितिजावर फुलकोबीसारखा ढग वर चढू लागला, त्याच्या खाली ती न टेकणारी झालर दिसली, सतत वाहणारा वारा एकाएकी पडला, सरळ जाणारा धूर घुटमळू लागला, आणि लांबवर धुळीची भिंत उठलेली दिसली, तर हाताशी फार तर काही मिनिटे आहेत असे समजावे. त्या मिनिटांत जाळलेल्या जमिनीवर यावयाचे असते. 'आता पाऊस येईल, आग आपोआप विझेल', हा विचार त्या वेळी मनात येतो. तो स्वाभाविक आहे, दिवसभर भाजून निघालेल्या माणसाने तो करू नये तर काय करावे! पण कोरड्या ढगाच्या बाबतीत आधी वारा येतो, आणि पाऊस कित्येकदा येतच नाही.

आणि तो ओंडका. पहाटे मोहाखाली लावलेली आग नऊ वाजेतो विझल्यासारखी दिसते. पाचोळा जळून गेला, ज्वाळा नाहीत, धूरही नाही. परंतु शेजारी पडलेल्या जुन्या लाकडाच्या पोटात निखारा शिरलेला असतो. तो तेथे वाऱ्याची वाट पाहत दोन दोन, तीन तीन दिवस निवांत राहू शकतो. मग एका संध्याकाळी गडगडाट होतो, वारा येतो, निखारा फुलतो, ठिणग्या न जळालेल्या बाजूला उडतात, आणि गावात बातमी होते की वीज पडून रान पेटले. म्हणून जाणता वनरक्षक आग विझल्यावर लगेच घरी जात नाही. तो ओंडके उलथून पाहतो, पोकळ बुंध्यात माती लोटतो, उलट्या हाताने राखेजवळ ऊब चाचपतो, आणि दुपारी ढग दिसला की जेवण आटोपून पुन्हा त्याच जागी एक फेरी मारून येतो.